गिरणी चालू, गिरणी बंद

चिंचटोला, ता. अहेरी
९ जानेवारी २००५

कय्यूमभाईंना भूपेशचा रामराम.

ओळख द्यायची गरज पडू नये, पण देतो. मी केवळराम भोंगेवाल्याचा मुलगा. बाबा तलावात मासे धरायचे आणि लग्नसराईत भोंगा लावायचे. मशीन बिघडलं की पोत्यात घालून चंद्रपूरला तुमच्याच दुकानात आणायचे, दुसऱ्या कोणाला स्क्रूसुद्धा काढू द्यायचे नाहीत. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. भोंगा आता कोणी विचारत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात सात लग्नं झाली आणि सातही मांडवांत बाहेरगावचा डीजे वाजला. पोरं मला तोंडावर म्हणतात, "भूपेश, तुह्या भोंग्यावर नाचाले गेलं तं पायच उचलत नाई."

म्हणून डीजे घ्यायचं ठरवलं आहे. तलावातली माझी यंदाची पाळी लटारूला देऊन टाकली, त्या पैशात घेणार. म्हणजे यंदा मासे नाहीत, आणि डीजे फसला तर काहीच नाही. आई रोज म्हणते, "हातचं सोडून पळत्याच्या मांगं काऊन लागून राह्यला?" आमचे सरपंच झाडूभाऊ यांच्या रुपालीचं लग्न अक्तीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, अकरा मेला आहे. बाबांच्या नावाखातर त्यांनी ते काम मला द्यायचा शब्द दिला आहे. पहिलंच काम आहे. चांगलं झालं तर सीझन हाती येईल, बिघडलं तर या भागात माझ्या दारी पुन्हा कोणी येणार नाही.

मला यातलं काहीच कळत नाही. किती वॅटचं मशीन घ्यावं, बॉक्स दोन घ्यावे की चार, सीडी प्लेअर दोन कशाला लागतात, लाइटा घ्याव्या की नाही, ते तुम्ही सांगा. तुमच्याकडूनच घेईन.

आता एक स्पष्टच विचारतो. अहेरीच्या एसटीडीवरून तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा तुमच्या शाजियाने उचलला. एकदा तुम्ही नमाजला, एकदा जेवायला, एकदा बाजारात. चौथ्या वेळी ती म्हणाली, "अब्बू आत्ताच बाहेर गेले," आणि मागे तुमचाच आवाज येत होता, सोल्डरची तार कुठे ठेवली म्हणून. बाबांच्या माणसाला टाळायचं कारण काय?

आपला,
भूपेश

.

पठाणपुरा, चंद्रपूर
२३ जानेवारी २००५

चिरंजीव भूपेशला कय्यूमकडून अनेक दुवा.

केवळरामभाऊ गेल्याचं मला आज तुझ्या पत्रातून कळलं. वाईट वाटलं. दर वेळी मशीनच्या पोत्यातून माझ्यासाठी सुकट आणायचे, आणि मशीनला तो वास महिनाभर यायचा. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळायचं नाही.

फोनचं म्हणशील तर मशीनची गोष्ट फोनवर करू नये. फोनवर माणूस काहीही कबूल करतो. कागदावर लिहिलं की मिस्त्रीही अडकतो आणि गिऱ्हाईकही. तेव्हा पत्रच लिहीत जा.

आता तुझं सामान. सीडी प्लेअर दोनच पाहिजेत. एकावर गाणं वाजतंय तोवर दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं. मध्ये शांतता पडली की नाचणारे पाणी प्यायला जातात, आणि पाणी प्यायला गेलेला वरबाप परत नाचायला येत नाही. दोन्ही प्लेअर जोडायला एक साधा मिक्सर. मशीन एक, बॉक्स दोन, माईक एक. चार बॉक्स पुढच्या वर्षी. लाइटा तर घेऊच नको, त्या पाहून गावातली पोरं खूश होतात, पण पैसे पोरं देत नाहीत. दुकानदार पाच हजार वॅट सांगेल, त्यातले साडेचार हजार त्याच्या जिभेवर असतात.

पण मशीन ठरवण्याआधी मला तुझ्याकडून एक काम हवं. तुमच्या गावात भातगिरणी असेल. तिच्या बोर्डावर व्होल्टेजचं मीटर असतं. दहा दिवस रोज संध्याकाळी दोन आकडे लिही. गिरणी चालू असतानाचा एक, बंद झाल्यावरचा एक. शिवाय गावात घरं किती, यंदा लग्नं किती, मांडव गिरणीपासून किती लांब पडतात, तेही कळव.

घाई करू नको. मशीन घेणं सोपं असतं, गावाला पुरेल असं घेणं अवघड.

तुझा,
कय्यूम

.

चिंचटोला
१४ फेब्रुवारी २००५

कय्यूमभाई, रामराम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शंका आली. तुम्ही मोठे आहात, बोललो तर राग मानू नका.

मागच्या आठवड्यात आलापल्लीला गेलो होतो. तिथे चौकात नवा बोर्ड लागला आहे, 'सैफ डीजे'. चौकशी केली तर कळलं, तो सैफ तुमचा सख्खा पुतण्या. तीन वर्षं तुमच्याच दुकानात होता म्हणे. त्याने अक्तीची कामं शोधत आमच्या बाजूलाही चकरा मारल्या आहेत. आणि इकडे तुम्ही मला विचारता, गावात लग्नं किती, मांडव कुठे पडतात. डीजे घ्यायला गावातली लग्नं मोजावी लागतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. अहेरीचे लालसूभाऊ, नाटकांना साउंड पुरवतात ते, तुमचेच जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मले तं कय्यूमभाईनं कधी असं काई विचारलं नाई बाप्पा." आता मी काय समजायचं?

यंदाची लग्नं किती ते सांगत नाही. घरं दोनशे दहा.

गिरणीचे आकडे: दहाही दिवस, चालू असताना २२०, बंद असताना २२०.

सामान तुम्ही सांगितलं तेवढंच द्या. पैशाचा ड्राफ्ट सोबत आहे. मार्च संपायच्या आत पाठवा, नाहीतर तेही सांगा.

भूपेश

.

पठाणपुरा, चंद्रपूर
२० मार्च २००५

चिरंजीव भूपेश,

तुझं सामान उद्याच्या अहेरी गाडीने टाकतो आहे. कंडक्टर ओळखीचा आहे. पाच खोके आहेत, मोजून घे.

दहाही दिवस २२०! चंद्रपूरचं एवढं मोठं वीजघर आमच्या उशाला आहे, दिवसरात्र त्याची राख आमच्या पापडांवर पडते, पण संध्याकाळी आमच्याकडे २२० येत नाही. तुमच्या चिंचटोल्याचं नशीब थोर म्हणायचं. असो. तू लिहिलंस ते मी धरलं आणि मशीन त्या हिशोबाने बांधलं. ट्रान्सफॉर्मर कसा बसवला ते आत चिठ्ठीत लिहिलं आहे. व्होल्टेज कमीजास्त झालं तर मशीन बंद कर, दुसरी कोणतीही वस्तू मधे जोडू नको.

सैफ माझा पुतण्या आहे, खरं आहे. तो गेला. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

आता एक कर. मोकळ्या जागी सामान लाव, कोणतंही गाणं वाजव आणि वीस पावलं लांब जाऊन उभा राहा. काय ऐकू आलं ते मला सविस्तर लिही. बेस धम् येतो की भम् येतो, गाणाऱ्याचा आवाज समोरून येतो की डब्यातून, शेवटी शीळ घातल्यासारखं काही राहतं का. लाजू नको, येईल तसं लिही. ते वाचल्याशिवाय माझं काम पुरं झालं असं मी मानणार नाही.

तुझा,
कय्यूम

.

चिंचटोला
१२ एप्रिल २००५

कय्यूमभाई,

ऐका, काय ऐकू आलं ते लिहितो. फट् असा आवाज आला आणि मग धूर.

मागच्या आठवड्यात झाडूभाऊंनी स्वतः बोलावलं होतं, "लावून दाखव एक डाव." त्यांच्या अंगणात लावलं. अर्धं गाव जमलं. पहिल्या गाण्याला मशीन रडत होतं, लाइट कमी होता. म्हणून मी आमच्या टीव्हीचा व्होल्टेज वाढवायचा बूस्टर मधे लावला आणि शेवटच्या खुंटीपर्यंत चढवला. मग डीजे असा वाजला की झाडूभाऊंच्या छपरावरची कवेलू हलली. पाच वाजले होते, गिरणीतली माणसंही सुटून नाच पाहायला आली होती, आणि तेवढ्यात फट्. रुपाली तिथेच उभी होती. तिच्या आत्याने तोंडाला पदर लावून विचारलं, "लग्नातबी असाच धूर काढतं का रे?" सगळे हसले. मी खोके भरून घरी आणले आणि तीन दिवस बाहेर पडलो नाही.

मग मशीन उचलून आलापल्लीच्या एका दुकानात नेलं. त्याने उघडलं आणि मला आत बोट दाखवलं. ट्रान्सफॉर्मर जुना आहे! वरून नवा रंग मारलेला. शिवाय खोके आले तेव्हाच एकाची पट्टी फाडून पुन्हा चिकटवलेली होती, ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही. पुतण्याला नवं आणि मला रंगवलेलं, असंच ना? आणि वर म्हणता, आवाज कसा येतो ते लिहून कळव. मिस्त्री तुम्ही आणि ऐकायचं मी? ही थट्टा कोणाची चालली आहे?

मी गप्प बसणार नाही. शनिवारी अहेरीच्या बाजारात चार माणसांत सांगितलं की कय्यूम मिस्त्री जुना माल रंगवून विकतो. लालसूभाऊंनी लगेच माणूस पाठवून तुमच्याकडची त्यांची दोन मशीनं उचलून आणायला सांगितली. आली असतील.

तरी एक संधी देतो. रविवारी १७ तारखेला अकरापासून एकपर्यंत मी अहेरीच्या एसटीडीत बसून राहीन. नंबर खाली लिहिला आहे. तुम्ही स्वतः, तुमच्या तोंडाने माझ्याशी बोला. फोन आला नाही तर तुम्ही चोर, आणि तसं मी गावोगाव सांगत फिरेन.

भूपेश

.

चिंचटोला
२४ एप्रिल २००५

कय्यूमभाई,

हे पत्र फाडण्याआधी एकदा वाचा.

रविवारी फोन आला नाही. मी दोन तास बसलो, एसटीडीवाल्याने दोनदा चहा पाजला. मंगळवारी सकाळच्या गाडीने मी चंद्रपूरला आलो. तुम्हाला कळवलं नव्हतं. तुम्हाला रंगेहाथ धरायचं होतं.

दुकानात तुम्ही एकटेच होता, दाराकडे पाठ करून. एक स्पीकर वाजत होता, त्याच्या पुढच्या गोल कागदावर तुम्ही तळहात ठेवला होता. मान खाली, अजिबात हालचाल नाही. समोर टेबलावर दुसऱ्या एका मशीनला माईक लावून ठेवला होता. मी उंबऱ्यात उभा राहून "चोर!" म्हणालो. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, नाटक करतात. मग आत येऊन तुमच्या पाठीशी उभा राहिलो आणि परत "चोर!" म्हणून ओरडलो. तेवढ्यात आतून शाजिया धावत आली. तिने तुमच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तुम्ही तिच्याकडे वळलात. तोवर मी बाहेर पडलो होतो.

ती माझ्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत आली. मी कोण ते तिने बरोबर ओळखलं. म्हणाली, "अब्बूले तीन सालपासून काईच ऐकू येत नाई. सैफभाई ऐकून सांगे, तो बी गेला. मी कॉलेजातून आल्यावर ऐकतो, पर मले बेसमधलं काय समजते? कोणाले सांगू नका. साउंडचा मिस्त्री बहिरा निघाला तं इथी कोण येईन?" तुम्ही पत्रच लिही का म्हणता आणि फोनवर का येत नाही, दोन्ही तिने मला समजावून सांगितलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

आता माझं सांगतो. ते दहा दिवसांचे आकडे मी गिरणीत जाऊन लिहिलेच नाहीत. घरी खाटेवर बसून लिहिले. मला वाटलं, तुम्ही वेळ काढता आहात, सैफला आमची लग्नं मिळावी म्हणून. चंद्रपूरहून परतल्यावर चार दिवस गिरणीत जाऊन उभा राहिलो. चालू असताना १५०, बंद झाली की २४०. त्या दिवशी बूस्टर शेवटच्या खुंटीवर होता आणि पाच वाजता गिरणी थांबली. मशीनवर एकदम केवढा भार गेला असेल ते आता मलाही कळतं, आणि मांडव गिरणीपासून किती लांब ते तुम्ही का विचारलं होतं तेही. गिरणीतली माणसं सुटून माझ्या समोर नाचत होती, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. खोक्याच्या फाडलेल्या पट्टीचंही कंडक्टरला विचारलं. नाक्यावर पोलिसांनी खोका उघडला होता. आमच्या नक्षल भागात तारांचा खोका म्हटला की सुरुंगाच्या संशयाने उघडतातच, हे मला माहीत असायला हवं होतं.

काल शनिवार होता. अहेरीच्या बाजारात त्याच जागी उभा राहून सांगितलं की आकडे मी खोटे लिहिले, बूस्टर मी चढवला, कय्यूमभाईंचा माल चोख होता. तुमच्या कानांचा शब्द काढला नाही. लालसूभाऊ म्हणाले, मशीनं परत पाठवतो. झाडूभाऊही तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ज्याले आपल्या गावची लाइन समजत नाई, त्याच्या हाती पोरीचं लग्न कसं देऊ बापू?" अक्तीचं काम सैफला गेलं.

आईला मी सगळं सांगितलं. तिने ताट पुढे सरकवलं.

तुम्ही माफ करा असं म्हणायचं माझं तोंड नाही.

भूपेश

.

पठाणपुरा, चंद्रपूर
३० एप्रिल २००५

चिरंजीव भूपेश,

पत्र फाडलं नाही. शाजियाने आधी वाचलं आणि रडली, मग मला दिलं. मुलीला रडवलंस याचा राग आहे, तो सांगून टाकतो.

ट्रान्सफॉर्मर जुना होता, हे खरं. आलापल्लीवाल्याने बरोबर पाहिलं, चूक समजला. हल्ली नव्यात ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात, जुन्यात तांबं. तुला चांगलं मिळावं म्हणून जुना घातला आणि गंज दिसू नये म्हणून रंगवला. ते चिठ्ठीत लिहायला हवं होतं. जुना म्हटलं तर तू भडकशील असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही.

तुझे आकडे खोटे आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोनशे वीस दहा दिवस फक्त पुस्तकात येतं. तरी मी विचारलं नाही, टोमणा मारून सोडून दिलं. ज्याच्या स्वतःच्याच पोटात लपवलेलं आहे, तो दुसऱ्याला खरं बोल म्हणून कसा सांगणार? तू एक लपवलंस, मी दोन. मशीन आपल्या दोघांच्या लपवण्याने जळलं, म्हणून त्याची दुरुस्ती निम्मी माझी. रविवारचा फोनही आला नाही तो त्याच कारणाने. शाजिया म्हणत होती, मी सांगते त्याला सगळं. मीच नको म्हटलं. चोर ठरलो तरी गिऱ्हाईक भांडायला तरी येतं, बहिरा ठरलो तर कोणी भांडायलाही यायचं नाही, असं वाटलं. चार-पाच दिवस मी जेवलो नाही नीट.

लालसूची मशीनं परत आली. तुझं अक्तीचं काम गेलं. बाजारात उभं राहून स्वतःचं नाक कापून घेणं सोपं नाही, हे मी जाणतो. कानांचं बोलला नाहीस, त्याबद्दल काय लिहू? लिहीत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती विचारतो. टेबलावरचा तो माईक स्पीकर ऐकायला लावला होता. तो ऐकतो आणि मशीनवरचा काटा मला दाखवतो. तीन वर्षं मी त्या काट्यावर पोट भरतो आहे. त्या मंगळवारी स्पीकर एकसारखा वाजत होता आणि काटा अचानक उडून लाल पट्टीत गेला. मागे कोणीतरी ओरडलं हे मला समजलं. वळलो नाही. वळून विचारलं असतं, काय म्हणालात, तर उत्तर ऐकायचं कशाने?

तू लिहितोस, दोनदा चोर म्हणालो. काटा तीनदा गेला, भूपेश. आणि तिसऱ्यांदा सगळ्यात जोरात, पट्टीच्या शेवटाला जाऊन आपटला. काट्याला शब्द कळत नाहीत, आणि शाजिया आतून आली तिलाही नुसता आरडाओरडाच ऐकू आला होता. चोर म्हणून झाल्यावर त्याहून मोठ्याने म्हणायचं असं काय उरतं, याचा मी तुझं पत्र आल्यापासून विचार करतो आहे. माझं नाव आणि माझी दाढी पाहून लोक काय काय म्हणतात ते मी कान होते तेव्हा भरपूर ऐकलं आहे. तेच असेल तर तेच लिही. मशीन मी दुरुस्त करून पाठवीनच, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण तू ती एक गोष्ट पत्रातून गाळलीस, आणि आता तुझी कबुलीही मला दहा दिवसांच्या २२० सारखी वाटायला लागली आहे.

कय्यूम

.

चिंचटोला
६ मे २००५

कय्यूमभाई,

ती शिवी नव्हती.

बाबा गेले तेव्हा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. पाठ माझ्याकडे, मान खाली. मी मागून दोन हाका मारल्या आणि ते वळले नाहीत. मी चिडून बोललो, ऐकू येत नाही का म्हणून. मग पुढे जाऊन पाहिलं.

त्या दिवशी दुकानात दोनदा चोर म्हटल्यावरही तुम्ही तसेच बसून राहिलात, तेव्हा मला ते अंगणच दिसलं. मी तिसऱ्यांदा "चाचा!" म्हणून ओरडलो. लहानपणी बाबांबरोबर दुकानात यायचो तेव्हा तसंच म्हणायचो. तेच तोंडातून निघालं.

चोर म्हटलेलं लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं. हे लिहिता आलं नाही. ज्या माणसाला दोनदा चोर म्हटलं, त्यालाच पुढच्या श्वासाला चाचा म्हटलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

काटा बरोबर आहे. मी खूप जोरात ओरडलो होतो.

भूपेश